यंदाची थंडी आणि गाळ्यातील गठ्ठे

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की आपल्या बाजारपेठेत एक प्रश्न हमखास कानी पडतो : यंदा थंडी कशी पडणार? पिंपरी-चिंचवड काय किंवा चाकण काय, आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण थंडीवर अवलंबून असलेला व्यवहार मोठा आहे. स्वेटर-ब्लँकेटचा व्यापारी, चाकणच्या बाजारातील कांद्याचा आडतदार, सुकामेवा आणि डिंकाच्या लाडवांचे साहित्य विकणारा किराणा दुकानदार, चातुर्मासानंतर साधु-साध्वींच्या विहाराची व्यवस्था पाहणारे संघाचे कार्यकर्ते, या सर्वांनाच त्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. बँकेत असताना मला हा प्रश्न कर्जदारांच्या तोंडून ऐकू येई. निवृत्तीनंतर तो घरी येऊन विचारला जातो.

२०२४ च्या सप्टेंबरमधील गोष्ट. चाकणला कापडाचे दुकान असलेले एक जुने स्नेही आपल्या मुलासह माझ्याकडे आले. वडील माझ्याच वयाचे, शांत आणि हिशेबी, मुलगा उत्साही. त्याने मोबाइल पुढे केला. “काका, हे वाचा. यंदा ‘ला निना’ येणार आहे. कडाक्याची थंडी पडणार म्हणतात. लुधियाना आणि पानिपतचा माल आत्ताच उचलला तर भाव चांगला मिळेल.” वडिलांनी एवढेच विचारले, “साहेब, तुम्हांला काय वाटते?” मीही त्याच आठवड्यात तशाच बातम्या वाचल्या होत्या. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची खंत आजही माझ्या मनात आहे, म्हणूनच हा लेख.

माल दरवर्षीच्या जवळजवळ दुप्पट आला. कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा काठोकाठ वापरली गेली आणि गाळ्यात छतापर्यंत गठ्ठे लागले. प्रत्यक्षात काय घडले? नोव्हेंबरच्या अखेरीस गारठा पडला आणि दुकानात गर्दी झाली. तोच बंगालच्या उपसागरात ‘फेंगल’ चक्रीवादळ उठले. ३० नोव्हेंबरला ते पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि महाराष्ट्रावरही ढग दाटून थंडी पळाली. डिसेंबरच्या मध्यास पुन्हा काही दिवस हुडहुडी भरली, पुन्हा ओसरली. जानेवारी ऊबदार गेला. फेब्रुवारी २०२५ तर देशाच्या सरासरी तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. संक्रांतीनंतर निम्मे गठ्ठे तसेच होते. न हलणारा माल बँक ‘ड्रॉइंग पॉवर’च्या हिशेबात धरत नाही, व्याज मात्र चालूच राहते. त्या घरात बाप-लेकाचे बोलणे काही दिवस तुटक झाले होते, हे मी जवळून पाहिले.

मग अंदाज चुकला होता का? शांतपणे कागद चाळल्यावर लक्षात आले की अंदाज चुकला नव्हता; आम्ही तो वाचायला चुकलो होतो.

सप्टेंबरमध्ये जागतिक हवामान संघटनेने म्हटले होते की, ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ‘ला निना’ येण्याची शक्यता ६० टक्के आहे. ‘ला निना’ म्हणजे विषुववृत्ताजवळील मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड होणे. अशा वर्षी उत्तर भारतात थंडी अधिक पडण्याकडे कल असतो, हे खरे. पण ६० टक्के शक्यता समुद्र थंड होण्याची होती, चाकणला थंडी पडण्याची नव्हती. समजा, ‘ला निना’ आल्यावर आपल्याकडे कडक थंडी पडण्याची शक्यता निम्मी धरली, तर साठाचे निम्मे तीसच होतात. बातमीतून बातमी होताना मधली पायरी गळून पडली आणि ‘साठ टक्के शक्यता’चे ‘कडाक्याची थंडी’ झाले. पुढे अमेरिकेच्या हवामान संस्थेने ‘ला निना’ आल्याचे जाहीर केले ते थेट जानेवारीत. ती क्षीण होती आणि एप्रिलमध्ये संपल्याचेही त्याच संस्थेने सांगितले.

आणि आपल्या भारतीय हवामान विभागाने हिवाळ्याविषयी काय म्हटले होते? २ डिसेंबर २०२४ रोजी विभागाने डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यात देशाच्या बहुतांश भागात किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता वर्तवली होती. म्हणजे ज्यांचे काम ते सांगणे आहे, त्यांनी ऊबदार हिवाळाच सांगितला होता. फक्त तो अंदाज आला तेव्हा गठ्ठे गाळ्यात येऊन पडले होते.

हवामान विभागाचे आणि आपल्या परिसराचे नाते जुने आहे. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. पिंपरी-चिंचवडहून पुण्यात जाणारे त्यावरून नित्य जातात, पण ते नाव कशाचे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान विभागाचे मुख्यालय पुढे सिमल्याला होते. ते १९२८ मध्ये पुण्यात आले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, नाव मात्र येथेच राहिले. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लँफर्ड यांनी १८८० च्या दशकात हिमालयातील बर्फावरून येणाऱ्या पावसाळ्याचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला : हिवाळ्या-वसंतात बर्फ अधिक, तर पुढचा पाऊस कमी. १९०४ ते १९२४ या काळात विभागाची धुरा वाहणारे गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यावरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. आज ज्या ‘ला निना’ची चर्चा प्रत्येक मोबाइलवर होते, तिच्या अभ्यासाचे एक मूळ असे याच विभागाच्या कामात आहे.

आता आपल्याकडे थंडी पडते कशी, हे पाहू. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यानंतर उत्तरेकडून कोरडे, गार वारे मध्य भारतावरून खाली येतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि पहाटे पारा घसरतो. ढग आले की तेच पांघरुणाचे काम करतात. म्हणून बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काही हालचाल झाली की आपली थंडी चार-आठ दिवस गायब होते. प्रशांत महासागर, हिमालय आणि दोन्ही बाजूंचे समुद्र असे अनेक भागीदार या व्यवहारात आहेत. एका भागीदाराची पत पाहून संपूर्ण पेढीला कर्ज देऊ नये, हा बँकेतील पहिला धडा येथेही लागू पडतो.

ऋतूचा अंदाज वाचण्याची रीत सोपी आहे. गेल्या अनेक वर्षांचे हिवाळे थंडीच्या क्रमाने मांडून त्यांचे तीन समान भाग करतात : सरासरीपेक्षा थंड, सरासरीइतका, सरासरीपेक्षा ऊबदार. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक कप्प्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. संगणकावरील अनेक प्रारूपे चालवून हवामान विभाग सांगतो की यंदा अमुक कप्प्याची शक्यता वाढून, समजा, ५० टक्के झाली आहे. याचा अर्थ उरलेल्या दोन कप्प्यांचे मिळून ५० टक्के शिल्लक आहेतच. शिवाय हा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. ऊबदार हिवाळ्यातही चार रात्री हाडे गोठविणाऱ्या असू शकतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. असा दिवस कोणता, हे कोणताही ऋतूचा अंदाज दोन महिने आधी सांगू शकत नाही.

या ठिकाणी आपल्या परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. भारतीय संख्याशास्त्राचे आचार्य प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९२२ ते १९२६ या काळात कलकत्त्याच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ म्हणून काम केले होते. संख्याशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांविषयीच्या १९५४ मधील लेखात त्यांनी जैन स्याद्वादाचा विचार आधुनिक संभाव्यतेच्या कल्पनेशी ताडून पाहिला. ‘स्यात्’ म्हणजे ‘कसेही असू शकेल’ असा गुळमुळीत संशय नव्हे. अमुक दृष्टीने, अमुक मर्यादेत हे विधान खरे आहे, अशी ती काटेकोर भूमिका आहे. हवामानाचा अंदाज नेमका याच भाषेत बोलतो. आपण मात्र पाठशाळेत शिकलेले दुकानात विसरतो आणि ‘पडणारच’ असे धरून चालतो.

मग व्यापाऱ्याने करावे काय? एक साधा हिशेब सांगतो. समजा, एका ब्लँकेटमागे १२० रुपये नफा आहे. ते विकले गेले नाही तर व्याज, जागा आणि पुढील वर्षाची सूट धरून ६० रुपये तोटा आहे. तोटा भागिले नफा अधिक तोटा, म्हणजे ६० भागिले १८०, उत्तर एकतृतीयांश. अर्थात, मागविलेले शेवटचे ब्लँकेट विकले जाण्याची शक्यता एकतृतीयांशाहून अधिक वाटते, तोवर माल वाढवावा. तिच्या खाली गेली की हात आवरावा. पण नक्षी किंवा रंग बदलला की जो माल पुढील वर्षी पडून राहतो, त्यात नफा ८० आणि तोटाही ८० असेल, तर तीच शक्यता निम्म्याहून अधिक हवी. साध्या राखाडी ब्लँकेटचा आणि फॅशनच्या जाकिटाचा निर्णय एकाच बातमीवर घेता येत नाही, तो असा.

दुसरी गोष्ट वेळेची. ठोक माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरवावा लागतो आणि हवामान विभागाचा हिवाळ्याचा अंदाज येतो नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी. म्हणून पहिली मागणी नेहमीच्या वर्षाच्या मानाने, तीही थोडी हात राखून द्यावी. भाव थोडा अधिक पडला तरी चालेल, पण पुरवठादाराशी डिसेंबरमधील दुसऱ्या खेपेचा शब्द आधीच ठरवून ठेवावा. तो जादा भाव म्हणजे विम्याचा हप्ता समजावा.

तिसरी गोष्ट ग्राहकाची. चिंचवडची दाट वस्ती आणि चाकणपलीकडील मोकळी शेते यांच्या पहाटेच्या तापमानात काही अंशांचा फरक पडतो; वर्तमानपत्रात ‘पुणे’ म्हणून छापलेला आकडा आपल्या दारातला असेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे असे की चाकणच्या दुकानातील कितीतरी गिऱ्हाईक उत्तर प्रदेश-बिहारमधील कामगार असतात. ते स्वेटर घेतात ते येथील थंडीसाठी नव्हे, गावी जाताना घरच्यांसाठी. त्यांची सुट्टी कधी आणि तिकडे गारठा किती, हे त्या मुलाने चार गिऱ्हाइकांना विचारले असते तरी मोबाइलवरील बातमीपेक्षा अधिक कळले असते.

ऋतूचा अंदाज माल किती भरावा यासाठी. उद्याचे काम ठरविण्यासाठी मात्र पाच दिवसांचा अंदाज पाहावा, तो कितीतरी अधिक भरवशाचा असतो. कांदा उघड्यावर ठेवायचा का, हे त्यावरून ठरवावे. पुणे-नाशिक रस्त्याने मोशी, चाकण, राजगुरुनगर असा विहार असेल तर संघाच्या कार्यकर्त्यांनी आदल्या संध्याकाळी धुक्याचा इशारा अवश्य पाहावा. पहाटेच्या धुक्यात, अवजड ट्रकांच्या त्या रस्त्यावर अनवाणी चालणाऱ्या महाराजसाहेबांच्या पुढे-मागे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेले सेवक असणे, हा त्या अंदाजाचा सर्वांत मोलाचा उपयोग होय.

त्या स्नेह्यांच्या दुकानाचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. उरलेल्या मालातील काही गठ्ठे पुढच्या हंगामात मूळ किमतीला निघाले, काही वीटभट्टीवरील कुटुंबांना देण्यात आले. तोटा झाला, पण पेढी तरली. यंदा मुलगा एकटाच आला. हातात मोबाइल नव्हता, एक वही होती. तीत गेल्या पाच वर्षांची आठवड्यागणिक विक्री लिहिलेली होती. “काका, यंदा थंडी किती पडेल, हे विचारायला नाही आलो,” तो म्हणाला. “थंडी नाही पडली तर आपण किती सोसू शकतो, तेवढे तपासून द्या.”

मी चष्मा लावला आणि वही जवळ ओढली.