लॅपटॉप घ्यायचाय? आधी पारखून घ्या!

पूर्वी दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यातल्या मुलींना फारशी धावाधाव नसे. गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा, दोन-दोन झेरॉक्स काढायच्या आणि जवळच्या कॉलेजात जाऊन अकरावीचा अर्ज भरायचा, झालं! २०२५ सालापासून मात्र अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. मुंबई-पुण्याच्या घरांना त्याची सवय होती. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या घरांना ही गोष्ट नवी. त्याच वर्षी लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली. शिवाय महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, धाकट्याचा आरटीईचा अर्ज, सासऱ्यांचा सातबारा आहेच. दर वेळी कुठल्या तरी नेट कॅफेसमोर रांग लावायची, आणि आपली आधार कार्डं, मुलीचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक सगळं तिथल्या कॉम्प्युटरवर चढवून यायचं. काम झाल्यावर ते कोणी पुसतं का, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

म्हणूनच असेल, हल्ली हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतही हा प्रश्न ऐकू येतो : "घरात एखादा साधा, स्वस्तातला लॅपटॉप घेऊन टाकावा का हो?" हळदीचे पैसे आले, भिशी लागली किंवा दसरा-दिवाळीची सूट जाहीर झाली की हा विषय हमखास निघतो. मग दुकानात कोण जातं? घरातले पुरुष आणि कॉलेजात जाणारा मुलगा! आपण घरी चहा करून वाट बघायची. खरं तर कुकर घेताना झाकणाची रिंग दाबून बघणाऱ्या, पातेल्याला टिचकी मारून आवाज ऐकणाऱ्या आपण. लॅपटॉप पारखणं त्याहून फार अवघड नाही.

आधी एक विचारते. लॅपटॉप खरंच हवा आहे का? घरातलं काम म्हणजे व्हॉट्सअॅप, वीजबिल, रेल्वेचं तिकीट आणि यूट्यूबवरच्या पाककृती एवढंच असेल, तर हातातला मोबाइल पुरेसा आहे. उगीच खर्चात पडू नका. पण लांबलचक अर्ज भरायचे असतील, दाखल्यांच्या फाइली ठरावीक केबीत बसवून चढवायच्या असतील, मुलीला प्रोजेक्ट लिहायचा असेल, तुम्ही शिकवण्या घेत असाल किंवा पापड-मसाल्यांचा हिशेब ठेवत असाल, तर मोठा पडदा आणि खराखुरा कीबोर्ड लागतोच. दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा : यावर कोण बसणार आणि काय करणार. दुकानदार पहिला प्रश्न "बजेट किती?" असा विचारतो. आपलं पहिलं उत्तर हा कागद असावा.

ओटा, कोठी आणि शेगडी

दुकानात "फोर जीबी, वन ट्वेंटी एट, एसएसडी" असली मंत्रपुष्पांजली सुरू झाली की आपण गप्प होतो. पण गोष्ट साधी आहे. रॅम म्हणजे आपला ओटा. एका वेळी जितकं काम पसरायचं, तितका ओटा हवा. स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. फोटो, फाइली, सगळं सामान तिथे राहतं. आणि प्रोसेसर म्हणजे शेगडी. ओटा चिमुकला असेल तर मोठ्या शेगडीचाही उपयोग नाही. परात ठेवायची तर पोळपाट खाली उतरवावा लागतो.

स्वस्त लॅपटॉप स्वस्त होतात ते बहुतेक वेळा इथेच. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज असलेले लॅपटॉप पाहून मोह होतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज नेमकी एवढीच आहे, म्हणून विकणारा काही खोटं बोलत नसतो. पण किमान म्हणजे जेमतेम. चौसष्टातली बरीचशी जागा विंडोजच खाऊन टाकतं, आणि पुढे प्रत्येक अपडेटला आणखी जागा लागते. शेजारच्या एका वहिनींनी असाच एक घेतला. सहा महिन्यांत "जागा शिल्लक नाही" अशी पाटी रोज येऊ लागली. मुलीचे फोटो पुसले, गाणी पुसली, तरी पाटी जाईना! त्यातलं स्टोरेज ईएमएमसी नावाचं होतं. ते आत कायमचं जोडलेलं असतं, बदलून मोठं करता येत नाही.

माझं स्पष्ट मत असं, की रॅम आठ जीबी आणि स्टोरेज २५६ जीबीचं एसएसडी, याखाली उतरू नये. बाकी हवी तेवढी काटकसर करा. चकचकीत झाकण नको, बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप नको, उजेड देणारा कीबोर्ड नको, खेळांसाठीचं ग्राफिक कार्ड तर मुळीच नको (मुलगा रुसला तरी!). रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारून घ्या. काही मॉडेलांत ती आतच पक्की जोडलेली असते. मग आज जे घेतलं तेच शेवटपर्यंत.

नुसत्या किमतीच्या मागे लागलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात घडून गेलंय. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब्लेट मोठ्या थाटात निघाला. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सरकारची खरेदी किंमत होती २,२७६ रुपये. पण रॅम अवघी २५६ एमबी, आणि पडदा असा की बोट दाबून दाबून दमावं. पहिल्या आवृत्तीबद्दल तक्रारी इतक्या आल्या, की सुधारलेली दुसरी आवृत्ती काढावी लागली.

त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट मला जास्त आवडते. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातल्या शाळेत मुलांना एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही अमेरिकेतून सुरू झालेली योजना, आणि तिचा भारतातला पहिला प्रयोग या मराठी शाळेत! शंभर डॉलरला लॅपटॉप द्यायचा, अशी निकोलस निग्रोपाँटे यांची प्रतिज्ञा होती. ती काही पुरी झाली नाही; २००७ अखेर किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली, म्हणजे तेव्हाचे साडेसात हजार रुपये. पण तो यंत्राचा तुकडा विचार करून घडवला होता. उन्हात बसूनही पडदा वाचता येई, कीबोर्ड रबराने बंद केलेला, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, आणि वीज अगदी थोडी लागे. ही योजना मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे फोफावली नाही. तरीही लॅपटॉप घेताना मला ते हिरवं यंत्र आठवतं. कुठे वापरायचा आणि कोण वापरणार, हे आधी ठरवून ते बनवलं होतं.

मराठवाड्याचं ऊन, जाणारी वीज

आपल्याकडे कुठे वापरायचा, याचं पहिलं उत्तर म्हणजे ऊन. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपला एप्रिल-मे चाळिशीच्या खाली यायला तयार नसतो! त्यामुळे हवा जायच्या जाळ्या कुठे आहेत ते उलटा करून बघा. घरी आणल्यावर गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. लाकडी पाट चांगला. पडदा शक्यतो फुल एचडी घ्या, आणि दुकानातल्या पंख्याखाली न बघता दाराशी, उजेडात नेऊन बघा. स्वस्त पडद्यांवर जरा बाजूने पाहिलं की अक्षरं फिकी दिसतात.

वीज जाते त्याचं काय? या बाबतीत लॅपटॉप मोठ्या कॉम्प्युटरपेक्षा बरा. वीज गेली तरी काम पुसलं जात नाही, वेगळा यूपीएस नको. चार्जरवर ६५ वॅट लिहिलेलं पाहून घाबरू नका. साध्या कामाला १५-२० वॅट लागतात. रोज चार तास धरले तरी महिन्याला दोन-अडीच युनिटच. चार्जर टाइप-सीचा असेल तर उत्तम. बिघडला तर गावातही मिळू शकतो, फक्त पुरेशा वॅटचा घ्यायचा. इंटरनेटसाठी वेगळी लाइन घ्यायची घाई नको, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ज-बिर्ज सहज भरता येतात.

वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती वापरायला जायचं कुठे, ते विचारा. आपलं काम नांदेडला किंवा त्याहून लांब संभाजीनगरला जाणार असेल, तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस किमतीत धरा. काही कंपन्या घरी येऊन दुरुस्ती करतात, त्याला ऑनसाइट म्हणतात. पण आपल्या पिनकोडला ती सोय मिळते का, हे कंपनीच्या नंबरवर फोन करून स्वतः विचारलेलं बरं.

जुना पण जातिवंत

नवा, आठ जीबीचा बरा लॅपटॉप तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो, आणि २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपा महागल्याने भाव आणखी चढले. मग चार जीबीचा नवा घ्यावा की आठ जीबीचा जुना? मी जुन्याच्या बाजूची. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात. ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम, आणि रॅम बहुधा वाढवता येते.

मात्र इथे एक मोठा खड्डा आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुन्या यंत्रांचा बाजारात सुळसुळाट आहे, आणि ज्यांवर विंडोज ११ रीतसर चालत नाही असे लॅपटॉप स्वस्तात खपवले जातात. सुरक्षेचे अपडेट न येणाऱ्या यंत्रावर बँकेचं काम करायचं म्हणजे दाराला कडी न लावता झोपायचं! ओळखायचं असं : इंटेलचा प्रोसेसर असेल तर आय३, आय५ च्या पुढचा आकडा बघा. आय५-८२५० मधला आठ म्हणजे आठवी पिढी. आठवी किंवा त्यापुढची चालेल. आय५-७२०० मधला सात दिसला की हात जोडून बाहेर पडा. दुकानदार "मी विंडोज ११ टाकून देतो ना ताई" म्हणेल. आडमार्गाने टाकलेलं पुढे अपडेट घेईलच, याची हमी तो देऊ शकत नाही. विंडोज अधिकृत आहे का, हे सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन या ठिकाणी समोर उघडून दाखवायला सांगा.

बॅटरीचा रिपोर्टही काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. मग एकेक कळ दाबून बघा, कॅमेरा लावून बघा, पांढरं पान उघडून पडद्यावर ठिपके आहेत का ते बघा, झाकण दहा वेळा उघडझाप करून बिजागरी हलते का ते बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. जीएसटीचं पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी नको.

विंडोजखेरीज दुसरेही प्रकार आहेत. २०२३ साली १६,४९९ रुपयांना आलेलं जिओबुक वजनाला एक किलोहून हलकं, आत सिमकार्डाची सोय. पण त्यावर विंडोजचे प्रोग्रॅम बसत नाहीत, आणि रॅम पुन्हा चारच. क्रोमबुक ब्राउझरमधल्या कामाला छान. त्याला दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं आपण विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या जातीचं ती बाजारात आल्यापासून मोजतात. मुलीला कॉलेजात किंवा एमएस-सीआयटीला विंडोज लागणार असेल, तर या वाटेला जाऊ नये.

मराठीचं काय, असं एकीने विचारलं होतं. काळजी नको. विंडोजमध्ये मराठी आधीपासूनच असतं, फक्त सेटिंग्जमधून सुरू करावं लागतं. इंग्रजी अक्षरांनी लिहून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड पहिल्याच दिवशी जमतो. मन लावून शिकायचं तर इन्स्क्रिप्ट शिका, सगळ्या भारतीय भाषांना तो एकच चालतो. जुन्या कृतीदेव, श्रीलिपीसारख्या फाँटांत लिहिलेलं मात्र दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य चिन्हं होऊन दिसतं, म्हणून युनिकोडच वापरा. पत्रं आणि हिशेबासाठी लिबरऑफिस फुकट मिळतं. लॅपटॉपवर ऑफिस "आहे" म्हणून सांगितलं, तर ते कायमचं की महिनाभराच्या चाचणीपुरतं, ते विचारा. हप्त्यांवर घेत असाल तर बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यावरही प्रोसेसिंग फी लागू शकते. ती आधी लिहून घ्या.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाचं वेगळं खातं उघडून घ्या : तुमचं, मुलीचं, यजमानांचं. पासवर्डही ज्याचा त्याचा. नाहीतर आठवड्याभरात लॅपटॉप मुलाच्या खोलीत मुक्कामाला जातो, आणि आपला अर्ज भरायचा म्हटलं की "आई, थांब ना, मॅच चालू आहे!" बिलाचा फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, ती शाई वर्षभरात उडते. खोकं मात्र टाकू नका. दुरुस्तीला नांदेडला न्यायची वेळ आली तर एसटीत तेच कामी येतं.