जामचे गुडघाभर पाणी आणि पाठीवरची होडी

जामसांवलीला निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष मंदिराजवळच्या जाम आणि सर्पा यांच्या संगमाकडे जाते. वर पांढुर्ण्यात जिच्या पात्रात गोटमार ही दगडफेकीची जत्रा होते तीच ही जाम, पुढे ती कन्हानला मिळते. जवळच्या सौंसरच्या उत्तरेला सिलेवानीचा घाट चढला की छिंदवाड्याचे पठार लागते आणि आणखी वर तामिया, पातालकोट. डोंगर पायी उतरावा, नदी आडवी आली की पाठीवरची होडी फुगवून पाण्यात सोडावी आणि पुढच्या काठावर ती गुंडाळून पुन्हा चालू लागावे, यासाठी हा मुलूख अगदी जोगा आहे. या प्रकाराला पॅकराफ्टिंग म्हणतात. त्याविषयीचे गैरसमज मात्र जिवावर बेतणारे आहेत.

ही होडी म्हणजे तलावावरचे फुगवायचे खेळणे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पॅकराफ्ट मजबूत, लेप दिलेल्या नायलॉनची असते. वजन साधारण दोन ते चार किलो, वल्ह्याचे तुकडे सुटे होतात आणि सगळे मिळून पिशवीत मावते. कल्पनाही कालपरवाची नाही. पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1840च्या दशकात अंगावर घालायचा झगाच फुगवून होडी होईल असा बनवला होता आणि जॉन रे याने 1846च्या आर्क्टिक मोहिमेत हॅल्केटची होडी वापरली. अलास्कात 1982 मध्ये पहिली वाइल्डरनेस क्लासिक शर्यत झाली. तेव्हा डिक ग्रिफिथने पिशवीतून अशी होडी काढून नदी ओलांडली, तसे बाकीचे स्पर्धक बघतच राहिले.

दुसरा समज असा की खरे साहस हिमालयात, आपल्याकडे नुसते नाले. पांढुर्ण्याचा नकाशा समोर ठेवला तर वेगळेच चित्र दिसते. शेजारच्या मुलताई भागात तापी आणि वर्धा, दोन्ही उगम पावतात. तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, वर्धा दक्षिणेला वळते. जामचे पाणी कन्हानमधून वैनगंगेत उतरते आणि शेवटी वर्धेच्याच पाण्याला भेटते, तेव्हा त्या नदीला प्राणहिता म्हणतात. सातपुड्याच्या उतारावरच्या या नद्या पावसावर जगतात. उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि डोह उरतात. सौंसरला लख्ख ऊन असतानाही वर घाटात जोराचा पाऊस झाला, तर थोड्या वेळात गढूळ लोंढा खाली येतो. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला की आभाळाकडे बघत न बसता काठावर चढावे.

सर्वांत घातक समज गुडघाभर पाण्याचा. ‘एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचे?’ असे गावोगावी ऐकू येते. घनमीटरभर पाण्याचे वजन एक टन भरते. त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात. जुलै 2022 मध्ये सावनेर तालुक्यात पुराचे पाणी वाहत असलेल्या पुलावरून निघालेली मुलताईकडच्या प्रवाशांची स्कॉर्पिओ अशीच वाहून गेली. माणसाची गत आणखी वाईट. धारेत पडलेला माणूस घाबरून उभा राहायला बघतो, पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो, मागून पाणी पाठीवर दाबते आणि तोंड पाण्याखाली जाते. मांडीभर पाण्यातही माणूस असा बुडतो. म्हणून वाहून जाताना उताणे व्हावे, पाय पुढे आणि वर ठेवावेत आणि पाणी संथ होईपर्यंत उभे राहू नये. नदी चालत ओलांडायची असेल तर पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा.

जोरात खळाळणारे पाणी वाईट आणि शांत दिसणारे चांगले, हाही हिशेब चुकतो. गावोगावच्या स्टॉप डॅमवरून पाणी सरळ चादरीसारखे उतरते. वरून बघणाऱ्याला तिथे फक्त एक आडवी रेघ दिसते. खाली मात्र पाणी तळाशी जाऊन वर येते आणि भिंतीकडेच परत वळते. त्या फेऱ्यात सापडलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंगही नीट तरंगत नाही. असा बंधारा समोर आला तर बराच आधी काठाला लागून होडी खांद्यावर घ्यायची. पॅकराफ्टचे वजन कमी असण्याचा खरा उपयोग इथेच होतो. काठावरून पाण्यात झुकलेली झाडे, तुटलेले तारेचे कुंपण आणि मासेमारीची जाळी यांच्यापासूनही तसेच दूर राहावे.

पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट कशाला, हा प्रश्न अजून विचारला जातो. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटून 11 जण बुडाले. पांढुर्ण्याच्या शेजारचाच हा तालुका. पाण्यात माणसाचे भासणारे वजन जेमतेम काही किलो असते, त्यामुळे पाचेक किलो उचल देणारे, अंगाला घट्ट बसलेले जॅकेट त्याचे तोंड पाण्यावर ठेवायला पुरते. डोके आपटून शुद्ध हरपली की पोहण्याची कला निकामी ठरते. गारठ्यानेही तसेच होते, कारण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते.

वाघाची भीती मात्र बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त बाळगतात. पेंच आणि सातपुडा या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा जंगलपट्टा याच मुलखातून जातो, त्यामुळे वाघ आहेतच. तरीही या भागातल्या नद्यांवर धोका पाण्याचाच मोठा. जंगलात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, ती जनावरांच्या आणि माणसांच्या भल्यासाठीच आहे.

ज्यांना जाम-कन्हानच्या मुलखात असे हिंडायचे आहे, त्यांनी पूर ओसरल्यावर, पात्रात अजून पाणी आहे तोवर जावे. आधी संथ डोहात होडी उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करावा. पात्रातले स्टॉप डॅम आणि रपटे काठाने चालत स्वतः बघून घ्यावेत. एकट्याने निघू नये आणि कुठून शिरणार, कुठे बाहेर पडणार, हे गावच्या कोटवाराला, म्हणजे गावराखणदाराला, सांगूनच पाण्यात उतरावे.