आडनावांच्या गावा : किर्लोस ते किर्लोस्करवाडी

चितळे आडनावावरचा लेख आता पुढच्या आठवड्यावर. कबूल केलं होतं, ठाऊक आहे. भिलवडीची कात्रणं टेबलावर काढूनही ठेवली होती. पण गेल्या लेखातल्या ‘कर’वाल्या आडनावांवरून इचलकरंजीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि सगळा बेत फिरला. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. नातवाला घेऊन ‘सौभद्र’ बघायला गेले. पडदा उघडण्याआधी नाटककाराचं नाव पुकारलं गेलं, तसा नातू म्हणाला, “आबा, पंपवाल्यांनी नाटकपण लिहिलंय?” आबांना चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून त्यांनी मला विचारलं आहे : नाटकवाले किर्लोस्कर आणि पंपवाले किर्लोस्कर एकाच घरातले का?

नातवाला हसू नका. हा प्रश्न मला याआधीही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलेला आहे. शिवाय किर्लोस्करांवर लिहायला मला निमित्त हवंच होतं.

आधी उत्तर देऊन टाकतो. गाव एक, आडनाव एक, वडील निराळे. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मले. नांगर घडवणारे लक्ष्मणराव, म्हणजे लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर, तेही गुर्लहोसूरचेच, जन्म १८६९. दोघांच्या वयात सव्वीस वर्षांचं अंतर. बाप-लेक नव्हेत, सख्खे भाऊही नव्हेत. अण्णासाहेब १८८५ साली वारले तेव्हा लक्ष्मणराव सोळा वर्षांचे होते आणि यंत्राशी त्यांचा संबंध यायचा होता.

गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे, बेळगावकडे. आडनावातलं किर्लोस मात्र कोकणात, मालवण तालुक्यात. म्हणजे आडनाव घाट चढून गेलं आणि कानडी मुलखात स्थिरावलं. तिथल्या एका माणसानं मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला आणि दुसऱ्यानं मराठी शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. ‘कर’वाल्या आडनावांचं हेच मला आवडतं. माणूस जिथून निघाला ते गाव आडनावात राहतं आणि जिथे त्याचं आयुष्य गेलं त्याचा तिथे पत्ता नसतो. होसूरकर म्हणवून घ्यायला या घराण्यांना कोणी अडवलं नव्हतं, पण किर्लोस काही सुटलं नाही.

आता माझा लाडका मुद्दा. आज ‘किर्लोस्कर’ म्हटलं की पंप, इंजिन, फार तर मोटारगाडी आठवते. पण हे आडनाव घराघरांत पोचवलं ते आधी नाटकानं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. १८८२ च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’ आलं. ‘रामराज्यवियोग’ अपुरंच राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी माणूस गेला आणि त्याच्या नावाची नाटक मंडळी मागे राहिली. एरवी मालक गेला की कंपनीचं बिऱ्हाड मोडतं. इथे उलट झालं. भाऊराव कोल्हटकरांनी आपल्या गळ्यावर मंडळी तोलून धरली; ते १९०१ मध्ये गेले. त्याआधीच १८९९ ला देवलांची ‘शारदा’ याच मंडळीनं रंगमंचावर आणली होती. १९०५ मध्ये बालगंधर्व आले. मालक बदलले, नट बदलले, नाटककार बदलले, पण पाटी ‘किर्लोस्कर’चीच. लोक तिकीट काढायचे ते या पाटीवर. ज्या माणसाचं नाव होतं तो जाऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी त्या नावावर गर्दी होत होती.

इथे दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. १० मार्च १९१० : किर्लोस्करवाडीची स्थापना. १२ मार्च १९११ : खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, किर्लोस्कर मंडळीचाच. अवघ्या एका वर्षाचं अंतर. त्या वर्षी मुंबई-पुण्यात कुणाला ‘किर्लोस्करांचं नवीन काय?’ म्हणून विचारलं असतं, तर उत्तर ‘मानापमान’मधले भामिनी आणि धैर्यधर असंच आलं असतं. त्याच वेळी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर निवडुंग तोडून त्याच आडनावाची माणसं भट्टी लावत होती. पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस, टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, गंधर्व मंडळी निघाली आणि नाटकातल्या किर्लोस्करांचा दिमाख उतरणीला लागला. नांगरातल्या किर्लोस्करांचा चढणीला. एका आडनावाचे दोन अर्थ असे एकमेकांना ओलांडून गेलेले मला दुसरीकडे सापडलेले नाहीत.

लक्ष्मणरावांची गोष्ट तशी पुष्कळांना पाठ आहे, म्हणून भराभर जातो. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, तेव्हा यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. बढतीत डावलल्यावर नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग नांगर. नगरपालिकेला जागा हवी झाली तेव्हा बेळगावातून बिऱ्हाड हलवायची पाळी आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ओळखीचे होते. त्यांनी आपल्या संस्थानातला हा कुंडल रोडचा माळ दिला आणि वर बिनव्याजी कर्जही दिलं. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे म्हणून आपण या राजांना ओळखतो, पण माझ्या मते त्यांची खरी पारख माणसांची होती. कराडजवळच्या ओगलेवाडीलाही याच संस्थानचा आधार मिळाला. प्रभाकर कंदील घडवणारे ओगले बंधू तिथलेच. एवढ्याशा संस्थानात आडनावावरून नाव पडलेल्या दोन कारखान्यांच्या वाड्या उभ्या राहिल्या, याचं श्रेय संस्थानिकाला द्यायला हवं.

नांगराशी मात्र थोडं थांबायला हवं. कारण या आडनावाला वजन आलं ते त्या फाळामुळे. लाकडी नांगर जमीन खरवडायचा. हरळी आणि कुंदा खाली तशीच राहायची आणि पावसानंतर पुन्हा डोकं वर काढायची. लोखंडी नांगर खोल जायचा आणि ढेकूळ पालथं घालायचा, मुळं उन्हाला लागायची. पण त्याला एक बैलजोडी पुरत नसे. जमीन भारी असली तर दोन-तीन जोड्या, कधी त्याहून जास्त, आणि मागे हाकारायला माणसं. म्हणजे नांगर एकाचा, बैल तिघांचे; घेतला तर सगळ्या आळीनं मिळून घ्यायचा. त्यात लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली यात नवल नाही. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात. माझ्या मामाच्या गोठ्याच्या आढ्याला असाच एक जुना नांगर टेकवून ठेवलेला असे. गंज चढलेला, पण बिडात उठवलेली अक्षरं बोटानं चाचपली तर लागायची. मामा त्याला नांगर म्हणत नसे. “किर्लोस्कर काढ रे,” म्हणायचा. पुढे विहिरीवर पंप आला, त्यालाही तेच. एकाच घरात दोन किर्लोस्कर, एक आढ्याला आणि एक विहिरीवर.

पण वाडीचं मला वाटणारं सगळ्यात मोठं अप्रूप वेगळंच आहे. ते म्हणजे छापखाना. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, लक्ष्मणरावांच्या पुतण्यानं, ‘किर्लोस्कर खबर’ काढली. हेतू साधा होता : माल घेणाऱ्यांना माल कळावा. पण त्यांना चित्रकलेचा नाद, लिहिण्याचा नाद, आणि वाद घालण्याचा तर फारच. बघता बघता खबरीचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० ला ‘स्त्री’ आलं, १९३४ ला ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि सनातनी खवळले. नांगराच्या कारखान्याला लागून असलेल्या छापखान्यातून निघालेलं ‘स्त्री’ पुण्या-मुंबईच्या माजघरांत जाऊन बायकांशी त्यांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल बोलत होतं. शहरानं खेड्याला शहाणपण शिकवायचं हा आपला रिवाज. इथे टपालाचा थैला वाडीच्या स्टेशनावरून शहराकडे जात होता. मराठी वाचकाला किर्लोस्कर हे तिसऱ्यांदा भेटले ते असे. ज्या घरांत ना शेत होतं ना नाटकाची आवड, त्यांच्या टेबलावर दर महिन्याला हे आडनाव येऊन पडायचं.

पुढचा पसारा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. १९४१ ला हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, लेथ यंत्रांसाठी. १९४६ ला पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगलोरला इलेक्ट्रिक. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्करांचा हा काळ. हरिहरच्या कारखान्याभोवतीच्या वसाहतीचं नाव यंत्रापूर. म्हणजे दुसऱ्यांदा गाव वसवायची वेळ आली तेव्हा आडनाव बाजूला ठेवून कामाचं नाव दिलं. शहाणपणाचं केलं, कारण आडनावाच्या गावाला एक कायमचा ताण असतो : घराणं हललं तरी गाव हलत नाही. १९९७ ला टोयोटाशी भागीदारी झाली आणि ‘टोयोटा किर्लोस्कर’ हे जोडनाव जन्माला आलं. बिडदीच्या त्या कारखान्यातून निघालेल्या इनोव्हात बसून मालवणला जाणाऱ्या कितीजणांना कल्पना असते की गाडी आपल्या आडनावाच्या गावाकडे चालली आहे!

आडनाव कुणाच्या मालकीचं, हा प्रश्नही किर्लोस्करांनी कोर्टात नेऊन ठेवला आहे. वकिलांना ‘किर्लोस्कर डिझेल रेकॉन’चा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल माहीत असतो, नव्वदीच्या दशकातला. आपलं आडनाव आपण वापरू शकतो, हे माणसापुरतं खरं. पण नवी कंपनी काढून तिला ते आडनाव चिकटवलं आणि ते आडनाव आधीच बाजारात दुसऱ्याच्या मालाची खूण होऊन बसलेलं असलं, तर त्या सबबीचा आडोसा कंपनीला मिळत नाही. मला हा निकाल पटतो, पण त्यातली गंमतही सुटत नाही. अण्णासाहेबांच्या पश्चात किर्लोस्कर नसलेल्या माणसांनी ‘किर्लोस्कर मंडळी’ वर्षानुवर्षं चालवली आणि कुणी हरकत घेतली नाही. तेव्हा आडनाव ही अब्रूची बाब होती. मालमत्ता ती नंतर झाली.

आता इचलकरंजीच्या आबांसाठी. पुणे-मिरज मार्गावर ताकारी सोडलं की किर्लोस्करवाडी लागतं. याच स्टेशनाचं नाव आधी कुंडल रोड होतं. सांगली जिल्हा, पलूस तालुका. नातवाला घेऊन जा आणि फलाटावरच्या पाटीपुढे उभं करा. किर्लोस, कर, वाडी : एका गावाच्या नावात दुसरं गाव, तेही समुद्रकाठच्या तालुक्यातलं. नाटकवाल्या किर्लोस्करांचं नाव या पाटीवर नाही, हेही त्याला सांगा.

आणि बाकीच्या वाचकांना एक काम. शिंदेवाड्या, मोरेवाड्या, जाधववाड्या राज्यात हव्या तितक्या आहेत. त्या कळवू नका. थोरामोठ्यांच्या गौरवासाठी दिलेली नगरंही नकोत. टाटानगर, मोदीनगर, दालमियानगर माझ्या वहीत आहेत. वालचंदनगर आडनावाचं नव्हे, ते बाद. मला हवी आहेत ती अशी गावं की ज्यांच्या नावात ‘कर’वालं आडनाव आहे, आणि त्या आडनावात आणखी एक गाव. तुमच्या तालुक्यात असं एखादं असेल तर जिल्ह्यासकट लिहून पाठवा. चितळे पुढच्या आठवड्यात, आणि या वेळी नक्की : भिलवडी किर्लोस्करवाडीहून रुळानं फार लांब नाही.