दोन साक्षींची झडप

गेल्या श्रावणात चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाटाची चढण लागली, पावसाचा जोर वाढला आणि एका वळणावर गाडीने मान टाकली. इंजिन चालू, पण रेस लागेना. पाय पूर्ण दाबला तरी ते आपल्याच संथ लयीत घरघरत राहिलं. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. कशीबशी गाडी डोंगराच्या कडेला घेतली, पाच मिनिटं बंद ठेवली, पुन्हा चावी फिरवली, तर ती जणू काही झालंच नाही अशी चालू लागली. तसाच चिपळूणला परत फिरलो.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला, पी २१३५. दोन मिनिटांत निकाल लागला : थ्रॉटल बॉडी गेली, नवी टाका. खर्च पाच आकडी. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. कोड वाचून ते म्हणाले, "दादा, ही गाडीची तक्रार झाली. खरं काय ते अजून बघायचंय." मल्टिमीटर घेऊन पाऊण तास ते बॉनेटखाली वाकले होते. नवा भाग एकही लागला नाही. त्या पाऊण तासात त्यांनी काय केलं, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं.

केबल गेली, वायर आली

जुन्या गाड्यांत अॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत पोलादी केबल असे. पाय दाबला की केबल ओढली जाई आणि हवेच्या वाटेवरची गोल झडप उघडे. पेट्रोल इंजिनात जेवढी हवा आत जाईल, तेवढी ताकद मिळते. १९८७ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या ७५० मॉडेलमध्ये ही केबल नव्हती. तिचं काम विजेच्या तारांकडे गेलं होतं. आज साध्या छोट्या गाडीतही तीच पद्धत आहे. पेडल फक्त मागणी नोंदवतं. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, ती मागणी वाचतो, एसी चालू आहे का, चाक घसरतंय का हे पाहतो आणि एका छोट्या मोटरकडून झडप हवी तेवढी उघडून घेतो.

आता प्रश्न येतो विश्वासाचा. झडप किती उघडी आहे हे सांगणारा सेन्सर एकच असेल आणि तोच चुकला तर? म्हणून पेडलवर दोन आणि झडपेवर दोन असे सेन्सर बसवतात. त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा असतो. बऱ्याच गाड्यांत झडप उघडताना तिच्या एका सेन्सरचा आकडा चढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच उतरतो, त्यामुळे दोघांची बेरीज कायम ५ च्या आसपास राहते. पेडलवर पुष्कळदा दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मा आकडा देतो. संगणक या दोन साक्षी सेकंदाला कित्येक वेळा ताडून पाहतो. त्या जुळल्या नाहीत तर बहुतेक गाड्यांत तो मोटरचा प्रवाह तोडतो. मग स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून धरतात. इंजिन बंद पडत नाही आणि गाडी रखडत का होईना, रस्त्याच्या कडेला घेता येते. याला लिंप मोड म्हणतात. घाटात माझी गाडी दगा देत नव्हती. शंका आल्यावर ती मला सांभाळत होती.

कोड काय सांगतो

भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना स्वतःचे दोष नोंदवणारी ओबीडी-२ प्रणाली लागू झाली. त्यामुळे स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी २१३५ म्हणजे झडपेच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही. पी २१३८ म्हणजे पेडलच्या दोघांचं जुळत नाही. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, पी २११२ म्हणजे बंद अडकली. पहिल्या दोन कोडांत भांडण कुणाचं ते कळतं, पण चूक कुणाची ते त्यात लिहिलेलं नसतं. सेन्सर, वायर, कपलर, अर्थिंग किंवा खुद्द ईसीएम, यांपैकी कुणीही ते भांडण लावू शकतं.

कोड पुसायची घाईही करू नये. दोष उमटला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, गाडीचा वेग किती होता, हे संगणक कोडासोबत साठवून ठेवतो. अनेक गॅरेजांत पहिलं काम म्हणून बॅटरीची वायर काढतात. दिवा विझतो, पण बहुतेकदा हा पुरावाही पुसला जातो.

पाऊण तासाची तपासणी

काकांनी स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे चालू आकडे लावले. बेरीज बरोबर ५. मग त्यांनी वायरिंगचा जुडगा हातात धरून हळूहळू हलवायला सुरुवात केली. एका जागी बेरीज ५.४ झाली. "एक सेन्सर बिघडला असता तर त्याचाच आकडा हलला असता. इथं दोघांचे एकदमच वर गेले. म्हणजे दोघांची सामाईक वायर बघायची," ते म्हणाले. सामाईक वायर म्हणजे अर्थिंगची.

पुढची पायरी फार महत्त्वाची. कपलर काढून वायर नुसती 'बीप' वाजवून तपासली तर ती ठणठणीत वाटते, कारण तेव्हा तिच्यातून नेहमीचा प्रवाह जातच नाही. म्हणून कपलर लावलेलाच ठेवून त्यांनी मागून बारीक पिन सरकवली, चावी ऑन केली आणि अर्थिंगची वायर ते बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला व्होल्टेज मोजला. तो ०.१ च्या आत हवा. वायर हलवली की तिथं ०.४ येत होता. कपलर उघडला तेव्हा एका पिनवर हिरवा कळक चढलेला दिसला. खारी हवा आणि कोकणचा पाऊस. नवी थ्रॉटल बॉडी याच कपलरला जोडली असती आणि घाटात तीही अशीच रुसली असती.

आणखी तीन संशयित

उंदीर हा पावसाळ्यातला नेहमीचा. उबेसाठी बॉनेटखाली शिरतो आणि वायरचं कव्हर कुरतडतो.

दुसरा कार्बन. इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या वाटेने परत येते आणि झडपेच्या कडेला काळा थर धरते. झडप चिकटते, आयडलिंग डगमगतं. उपाय साफसफाईचा, पण झडप बोटाने जोरात ढकलू नये, आतले प्लास्टिकचे गिअर दुखावतात. शिवाय थरामुळे झडप थोडी जास्त उघडायची सवय संगणकाला लागलेली असते. साफ केल्यावर ती मूळ स्थिती त्याला पुन्हा शिकवावी लागते, नाहीतर रेस चढलेलीच राहते आणि दोष उगाच सफाईवर येतो.

तिसरा ब्रेकचा स्विच. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर आजच्या अनेक गाड्या ब्रेकचं ऐकतात आणि ताकद कमी करतात. स्विच बिघडून ब्रेक सतत दाबलेला दिसला, तर पेडल, झडप, सेन्सर सगळं चांगलं असूनही गाडी उचलत नाही.

ही ब्रेकची सोय सर्रास झाली ती एका मोठ्या वादानंतर. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांना तपासाला बसवलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात अशा वेगाला कारणीभूत इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचं म्हटलं होतं. अडकणारं पेडल आणि पेडलवर सरकणारी चटई ही कारणं पुढे आली. मात्र २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका अपघातात सॉफ्टवेअरवरच्या आक्षेपांची बाजू ऐकून कंपनीला जबाबदार धरलं. इतक्या मोठ्या तपासातही पायाखालची चटई बघावी लागली, हे आपल्यासाठी पुरेसं आहे. तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

गाडी अशी अडली तर इंडिकेटर लावून बाजूला घ्या, कोड पुसू देऊ नका आणि भाग बदलण्याआधी मेकॅनिकला एकच विचारा : काय मोजलं, आणि किती आलं? मेहनतीने मोजणाऱ्याला हा प्रश्न टोचत नाही. त्याच्या कामाची कदर करणारं गिऱ्हाईक आल्याचा आनंदच होतो.

काकांनी पिन घासून साफ केली, घट्ट बसवली, जुडगा पुन्हा हलवून पाहिला. मग मजुरीच्या पावतीच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहिले, आधी ५.४, नंतर ५.०. ती पावती मी गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवली आहे.