टोरंटचा वेग का मंदावतो?

घरी शंभर एमबीपीएसची जोडणी आहे, चित्रफिती विनाअडथळा दिसतात, बँकेचे व्यवहार क्षणार्धात होतात. मात्र टोरंटवर लावलेली एक फाइल रात्रभर संगणक चालू ठेवूनही सकाळी जेमतेम चार टक्के उतरलेली असते. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवा केंद्राला दूरध्वनी, आणि दुसरी म्हणजे सॉफ्टवेअरमधील दिसेल त्या पर्यायापुढचा आकडा वाढवत नेणे. पहिल्या उपायाने सहसा काही साधत नाही आणि दुसऱ्याने वेग बरेचदा आणखी घटतो. कारण टोरंटचे दुखणे चार-पाच निरनिराळ्या ठिकाणी असू शकते आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. क्रमाने तपासत गेल्यास बहुतेक वेळा ते सापडते. त्यासाठी ही पद्धत मुळात चालते कशी, हे आधी समजून घ्यायला हवे.

देणाऱ्यालाच मिळते

नेहमीच्या डाऊनलोडमध्ये एक सर्व्हर देणारा असतो आणि बाकीचे सारे घेणारे. मागणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग कमी होतो. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये लोकांसमोर आणलेल्या बिटटोरंटने हे गणित उलटे केले. त्यात फाइलचे अनेक छोटे तुकडे पाडले जातात आणि ती फाइल हवी असलेले सर्व संगणक हे तुकडे एकमेकांना देत-घेत राहतात. ज्याच्याजवळ संपूर्ण फाइल आहे तो ‘सीडर’ आणि या समूहातील प्रत्येक संगणक हा ‘पीअर’. आपले सॉफ्टवेअर शक्यतो समूहात दुर्मीळ असलेले तुकडे आधी मागते, म्हणजे ते नाहीसे होण्याचा धोका कमी होतो. आलेला प्रत्येक तुकडा त्याच्या डिजिटल ठशाशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर टाकून दिला जातो.

या देवाणघेवाणीला एक नियम आहे. मूळ पद्धतीनुसार प्रत्येक संगणक एका वेळी मोजक्याच पीअरना तुकडे देतो. दर दहा सेकंदांनी आपल्याला सर्वाधिक वेगाने कोण देत आहे हे तो पाहतो आणि त्यांनाच पुढची संधी देतो. नवख्याला शिरकाव मिळावा म्हणून दर तीस सेकंदांनी एका अनोळखी पीअरलाही जागा दिली जाते. डाऊनलोड सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे वेग रेंगाळतो, तो यामुळेच. आपल्याजवळ देण्यासारखे अजून काही नसते. तेव्हा सुरुवातीची पाच-दहा मिनिटे धीर धरावा आणि त्यानंतरच निदानाला लागावे.

यातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जोडणीचा वेग पैसे मोजून मिळतो, पण टोरंटचा वेग समूहाकडून मिळवावा लागतो.

एकक पाहिले का?

कित्येक तक्रारी येथेच संपतात. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि टोरंटचे सॉफ्टवेअर दाखवते तो बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा कमाल आकडा साडेबारा मेगाबाइट असतो. त्या वेगाने पाच गिगाबाइटची फाइल उतरायला सुमारे सात मिनिटे लागतील. आपल्याला दहा-अकरा मेगाबाइट मिळत असतील तर काहीही बिघडलेले नाही. दीडशे किलोबाइट मिळत असतील, तर मात्र पुढे वाचा.

दोष घरात की बाहेर?

निदानाची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे ज्या फाइलला भरपूर सीडर असतात, अशी एखादी फाइल उतरवून पाहणे. उबुंटू आणि डेबियन या मुक्त संगणक प्रणाली आपल्या अधिकृत संकेतस्थळांवरच टोरंट उपलब्ध करून देतात. त्यांपैकी ताज्या आवृत्तीची फाइल लावा आणि दहा मिनिटे थांबा. ती झपाट्याने उतरू लागली, तर आपला संगणक, राऊटर आणि जोडणी ठणठणीत आहेत; दोष त्या मूळ फाइलच्या समूहात आहे. हीसुद्धा रखडली, तर दोष घरात किंवा घरापर्यंत येणाऱ्या वाटेवर आहे. ही चाचणी न करता सेटिंग बदलत बसणे म्हणजे ताप न मोजताच औषध घेण्यासारखे आहे.

दोष फाइलच्या समूहात असेल तर दोन आकडे पाहावेत. पहिला सीडरांचा. तो शून्य किंवा एक-दोन असेल, तर घरची जोडणी कितीही वेगवान असली तरी उपयोग नाही. त्या एकाने जेवढे द्यायचे ठरवले असेल तेवढेच येणार. दुसरा आकडा ‘उपलब्धता’ या नावाने काही सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. सध्या जोडलेल्या संगणकांजवळ मिळून फाइलच्या किती पूर्ण प्रती आहेत, हे तो सांगतो. तो ०.९७ असेल, तर जोडलेल्यांपैकी कोणाहीजवळ उरलेले तीन टक्के नाहीत. डाऊनलोड ९७ किंवा ९९ टक्क्यांवर येऊन दिवसचे दिवस थबकते, त्याचे नेहमीचे कारण हेच. येथे एकच उपाय असतो; पूर्ण प्रत असलेला कोणी परत येण्याची वाट पाहणे किंवा तीच फाइल अन्य ठिकाणाहून मिळवणे.

ट्रॅकरच्या लांबलचक याद्या चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ट्रॅकरचे काम पीअरांचे पत्ते सांगण्याचे आहे. तो असलेला सीडर शोधून देऊ शकतो, नसलेला निर्माण करू शकत नाही. शिवाय डीएचटी ही सोय २००५ पासून रुळली आहे. तिच्यामुळे ट्रॅकर बंद असला तरी पीअर एकमेकांना शोधतात. सेटिंगमध्ये ती सुरू आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

अपलोडची मर्यादा : ना शून्य, ना मोकाट

दोष घरातच निघाला, तर सर्वप्रथम अपलोडच्या मर्यादेकडे पाहावे. येथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण ‘आपले इंटरनेट दुसऱ्याला कशाला?’ म्हणून अपलोड जवळपास बंद करतात. सीडरांची रेलचेल असलेल्या फाइलला त्याने फारसा फरक पडत नाही; पण सीडर थोडे आणि मागणारे फार, अशा समूहात हाच संगणक मागे पडतो. वर सांगितलेला दहा सेकंदांचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे अपलोडला कोणतीच मर्यादा न घालणे. डाऊनलोड होत असताना आपला संगणक ‘माहिती मिळाली’ अशी छोटी पोचपावती सतत पाठवत असतो. जाणारी वाट अपलोडनेच तुंबली, तर या पोचपावत्या रांगेत अडकतात आणि त्या न मिळाल्याने समोरचा संगणक पाठवण्याचा वेग कमी करतो. त्याच वेळी घरात कोणाचा व्हिडिओ कॉल चालू असेल, तर तोही अडखळतो. नव्या सॉफ्टवेअरमधील यूटीपी ही पद्धत असा तुंबारा जाणवताच माघार घेते, तथापि तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. वेगचाचणीत अपलोडचा जो आकडा येईल, त्याच्या सुमारे ८० टक्के मर्यादा घालावी. अपलोड दहा एमबीपीएस असेल, तर तो होतो सव्वा मेगाबाइट. म्हणून मर्यादा हजार किलोबाइटच्या आसपास ठेवावी.

दारावरचा पहारेकरी

त्यानंतरचे कारण पोर्टचे. राऊटर हा आपल्या सोसायटीच्या पहारेकऱ्यासारखा असतो. आतला माणूस बाहेर कोणाला भेटायला निघाला, तर तो अडवत नाही. बाहेरून कोणी आपणहून आले आणि नोंदवहीत त्याचे नाव नसले, की त्याला परत पाठवतो. टोरंटमध्ये काही पीअरांकडे आपण जातो, तर काही आपल्याकडे येऊ पाहतात. दार बंद असेल तर दुसऱ्या प्रकारचे पीअर गमावले जातात. दोन्ही बाजूंना असेच पहारेकरी असतील, तर ते दोघे एकमेकांशी सहसा जोडलेच जात नाहीत.

उपाय असा. राऊटरमध्ये आणि टोरंटच्या सॉफ्टवेअरमध्ये यूपीएनपी ही सोय सुरू करावी; मग नोंदवहीतले नाव आपोआप लागते. ते जमले नाही, तर ४९१५२ ते ६५५३५ यांमधील एक पोर्ट निवडून राऊटरच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ पानावर आपल्या संगणकाच्या नावे नोंदवावे. विंडोजच्या फायरवॉलमध्येही या सॉफ्टवेअरला परवानगी असावी. फायरवॉल संपूर्ण बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

हे सारे करूनही पोर्ट बंदच दिसले, तर पहारा आणखी बाहेर आहे असे समजावे. आयपीव्ही ४ पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. राऊटरच्या स्थितीदर्शक पानावरचा इंटरनेट-पत्ता आणि ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरचा आयपीव्ही ४ पत्ता ताडून पाहा. ते वेगळे असतील, विशेषतः राऊटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे. राऊटरमध्ये काहीही बदलले तरी हा पहारा हटत नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा. त्यासाठी काही कंपन्या वेगळे शुल्क आकारतात. अथवा राऊटर आणि सॉफ्टवेअर दोन्हींत आयपीव्ही ६ सुरू करावे, कारण त्यात पत्त्यांची वाण नाही. दोन्ही शक्य नसेल तरी निराश होऊ नये. बाहेर जाणाऱ्या जोडण्या चालूच राहतात आणि सीडर भरपूर असलेली फाइल व्यवस्थित उतरते.

घरातली किरकोळ कारणे

वाय-फायचा क्षीण संदेश हे याहून साधे, पण बरेचदा दुर्लक्षित राहणारे कारण. दोन भिंतींपलीकडे, शेजाऱ्यांच्या डझनभर राऊटरांच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा वेग सहज घसरतो. एकदा तार जोडून पाहावे म्हणजे शंका फिटते. साधा राऊटर हजारो जोडण्यांचा भार सोसत नाही. म्हणून एकूण जोडण्यांची मर्यादा दोनशेच्या आसपास आणावी. एकाच वेळी दहा फाइली लावण्याऐवजी दोन-तीन लावाव्यात. जुन्या हार्ड डिस्कवर लिहिण्याचा वेग कमी पडला, तर सॉफ्टवेअर तशी सूचना देते. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क फॅट ३२ पद्धतीची असेल, तर चार गिगाबाइटहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही आणि डाऊनलोड चूक दाखवून थांबते.

या ओघात एका जुन्या सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकने अर्धवट जोडण्यांवर दहाची मर्यादा घातली होती आणि ती हटवण्यासाठी प्रणालीची एक फाइल बदलण्याचे उपाय प्रसिद्ध झाले होते. विंडोज ७ पासून ही मर्यादा राहिलेली नाही. तरीही ‘वेग दसपट करणारी’ अशी साधने आजही भेटतात. ती वेग वाढवत नाहीत. उलट त्यांच्यासोबत विषाणू मात्र येऊ शकतो.

कंपनी वेग रोखते का?

हा संशय निराधार नाही. अमेरिकेतील कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटच्या जोडण्या मध्येच तोडते, हे २००७ मध्ये उघडकीस आले आणि तेथील दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये ते थांबवण्याचा आदेश दिला. तो आदेश २०१० मध्ये न्यायालयाने रद्द केला खरा. पण त्या प्रकरणाने जालसमानतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. भारतात केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये जालसमानतेचे तत्त्व स्वीकारले. मात्र गर्दीच्या व्यवस्थापनासाठी वाजवी उपाय योजण्याची मुभा कंपन्यांना आहे.

शहानिशा अशी करावी. उबुंटूची एकच फाइल एकाच सुमारास एकदा ब्राऊझरमधून आणि एकदा टोरंटने उतरवून पाहावी. दोन्ही मंद असतील, तर जोडणीच मंद आहे. केवळ टोरंटच मंद असेल आणि वरील सर्व उपाय झालेले असतील, तर सॉफ्टवेअरमधील ‘एन्क्रिप्शन’ सुरू करून फरक पडतो का पाहावे. वेळ आणि वेग यांची चार दिवसांची नोंद हाती असली, की ग्राहकसेवा केंद्राशी बोलताना ‘राऊटर बंद करून चालू करा’ या उत्तरावर समाधान मानावे लागत नाही.

जबाबदारीही आपलीच

टोरंट ही पद्धत बेकायदा नाही. मुक्त प्रणालींखेरीज इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्थाही आपला संग्रह त्या मार्गाने उपलब्ध करून देते. परंतु घेता घेता आपण देतही असतो, हे विसरून चालणार नाही. एखादा नवा चित्रपट परवानगीशिवाय उतरवणारा माणूस त्याच वेळी तो इतरांना वाटतही असतो, आणि त्याचा आयपी पत्ता समूहातील प्रत्येकाला दिसतो. कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने हे वाटप गंभीर आहे. शिवाय नामांकित चित्रपटाच्या नावाखाली ‘.एक्झी’ फाइल मिळाली, तर ती चित्रपट नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

क्रम ध्यानात ठेवावा : आधी एकक, मग उबुंटूची चाचणी, मग सीडर, अपलोडची मर्यादा, पोर्ट, वाय-फाय आणि सर्वांत शेवटी कंपनी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहूनच पुढची बदलावी. फाइल पूर्ण उतरल्यावर लगेच सॉफ्टवेअर बंद न करता, आपण घेतले तेवढे तरी परत जाईपर्यंत ते चालू ठेवावे. आज आपण ज्या ९९ टक्क्यांवर अडकलो आहोत, ते कोणीतरी काल घाईने निघून गेल्यामुळेच.