काचेवरील धूसर थर

सायंकाळी अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याकडे जाताना मावळता सूर्य समोर येतो. अशा वेळी मोटारीच्या पुढील काचेवरचा धूसर थर उजळतो आणि पुढचा सायकलस्वार दिसेनासा होतो. नुसत्या फडक्याने हा थर निघत नाही. कारण तो दुहेरी असतो. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ आतून तेलकटपणे बसते. बाहेर खारपाणपट्ट्यातील पाण्याचे क्षार वाळतात. गाडी सावलीत उभी करून, काच निवल्यावर, दारे उघडी ठेवून आतील बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. बाहेरील क्षारांवर पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग लावून गोड्या पाण्याने धुवावे. आतून आडवे, बाहेरून उभे पुसावे; म्हणजे उरलेली रेघ कोणत्या बाजूची, ते कळते. निघण्यापूर्वीचे हे थोडे श्रम आपल्या माणसांइतकेच अनोळखी वाटसरूच्याही जिवासाठी असतात.