बिबट्याचा शेजार

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पूर्वेस, मरोळ नावाचे एक जुने गाव आहे. गाव हा शब्द आता केवळ परंपरेने वापरावयाचा. कारण तेथील शेते केव्हाच बुजली आणि त्यांच्या जागी कारखाने, कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. २०१४ सालापासून तर मरोळ नाक्यावर माणसांच्या डोक्यावरून मेट्रो गाडी धावू लागली. परंतु याच मरोळमधून उत्तरेकडे मरोशीच्या दिशेने जाणारा रस्ता धरला, की देखावा पालटू लागतो. इमारती मागे पडतात, दोन्ही बाजूंची झाडी दाट होते, गोठ्यांचा वास येतो, आणि दिवस मावळला असेल तर रातकिड्यांची किरकिर कानांत भरून राहते.

या बाजूच्या रस्त्यांवर रात्रीच्या वेळी एखादा मोटारवाला कधी कधी एकदम गाडी थांबवतो. दिव्यांच्या झोतात पुढे दोन तेजस्वी ठिपके चमकलेले असतात. मागोमाग लांबट, पिवळसर अंग दिसते. त्यावर काळ्या ठिपक्यांची फुले उमटलेली असतात. ते जनावर क्षणभर उभे राहते, मान वळवून पाहते आणि शेपटीचे टोक किंचित उचलून गवतात नाहीसे होते. तो बिबट्या असतो. मोटारीतील माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हा येथे शहरात कसा आला?’ प्रश्न साहजिक आहे; पण तो उलटा आहे.

नकाशा पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. मरोळच्या उत्तरेस आरे वसाहत आहे आणि तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. या उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. मुंबईला पाणी पुरवणारे विहार व तुळशी हे तलाव त्याच डोंगरांच्या कुशीत आहेत. कान्हेरीची प्राचीन लेणीही तेथेच आहेत. आरे वसाहत १९४९ साली वसवण्यात आली. शहरातील दाटीवाटीच्या जागी बांधलेल्या म्हशी मोकळ्या रानात हलवाव्यात आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा हेतू होता. गोठे आले, त्यांच्यासाठी रस्ते आले. मागाहून भोवतालचे शहर वाढत वाढत कुंपणापर्यंत येऊन ठेपले. बिबट्या मात्र या साऱ्याच्या आधीपासून या डोंगरांत वावरत आहे. तेव्हा बिबट्या रस्त्यावर आला, असे म्हणण्यापेक्षा रस्ता बिबट्याच्या वाटेवर आला, असे म्हणणेच अधिक खरे ठरेल.

येथे किती बिबटे आहेत? पूर्वी पाऊलखुणांवरून अंदाज बांधीत. आता पायवाटांच्या कडेला, गुडघाभर उंचीवर, आपोआप चित्र टिपणारे कॅमेरे बसवतात. समोरून काही हलले, की कॅमेरा चित्र घेतो. माणसाच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशी जुळत नाहीत, तसे एका बिबट्याच्या अंगावरील ठिपके दुसऱ्या बिबट्याशी जुळत नाहीत. इतकेच नव्हे, तर एकाच बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूस यांवरील नक्षीही वेगळी असते. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे समोरासमोर लावावे लागतात. अशा रीतीने २०१५ साली या परिसरात ३५ वेगवेगळे बिबटे ओळखण्यात आले. २०१८ च्या गणनेत ४७ आढळले. एवढ्या मोठ्या महानगराच्या हद्दीत इतके बिबटे नांदत असल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

बिबट्या हा मार्जार कुळातील प्राणी. पट्टेदार वाघापेक्षा तो पुष्कळ लहान असतो. नर साधारणपणे ५० ते ७० किलो वजनाचा भरतो, मादी त्याहून हलकी. चितळ, रानडुक्कर, वानर यांपासून उंदीर-घुशींपर्यंत जे मिळेल त्यावर तो निर्वाह करतो. वस्तीच्या कडेला मात्र त्याला आणखी एक भक्ष्य आयते सापडते. ते म्हणजे भटकी कुत्री. रस्त्याच्या कडेला खरकटे व कचरा टाकला जातो, कचऱ्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. कचऱ्याचा ढीग आणि बिबट्या यांचा संबंध असा सरळ आहे. बिबट्याला घालवून द्या, अशी मागणी करणाऱ्यांनी आधी आपल्या दारातील कचराकुंडी पाहावी, हे बरे.

रस्त्याने चालणे हीसुद्धा त्याची आवडती गोष्ट आहे. काट्याकुट्यांतून अंग ओरबाडून घेण्यापेक्षा मोकळ्या वाटेने, पावलांचा आवाज न होऊ देता जाणे कोणत्याही मांजराला सोयीचे वाटते. त्याच्या डोळ्यांच्या मागील बाजूस प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला स्पष्ट दिसते आणि दिव्याच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. पण तोच झोत एकाएकी डोळ्यांवर पडला, तर तो दिपून जातो व रस्त्याच्या मध्येच थबकतो. भरधाव वाहनांखाली बिबटे मरतात, त्याचे हे एक कारण आहे.

आरे वसाहतीतील पाड्यांवर राहणाऱ्या वारली लोकांना या शेजाऱ्याचे नवल नाही. आपल्याकडे जुन्या पिढीच्या बोलण्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. म्हणून त्यांचा देव तो वाघोबा. दगडावर किंवा लाकडावर वाघाची आकृती कोरलेली असते, कित्येकदा वर चंद्र आणि सूर्य असतात. अश्विन महिन्यातील वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस साजरी होते त्या दिवशी, अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस पाळतात. देवाला नमस्कार करून हे लोक स्वस्थ बसतात, असे मात्र कोणी समजू नये. अंधार पडल्यावर मुलांना अंगणाबाहेर एकटे सोडावयाचे नाही, रानातून जाताना मोठ्याने बोलत जावयाचे, हाती काठी आणि दिवा ठेवावयाचा, कोंबड्या-बकऱ्या दाराआड बंद करावयाच्या, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. भक्ती आणि सावधगिरी यांची अशी जोड फार शहाणपणाची आहे.

तरीही या शेजारात दुःखाचे प्रसंग आले आहेत. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती बिबट्यांचे हल्ले फार वाढले. २००४ साली तर थोड्या दिवसांत अनेकांचे प्राण गेले. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत एका अगदी लहान मुलीला बिबट्याने उचलले व ती वाचू शकली नाही. अशा वेळी लोकांचा संताप होणे स्वाभाविकच आहे. आणि संतापाच्या भरात एकच मागणी पुढे येते : पिंजरा लावा, पकडा, दूर नेऊन सोडा.

हा उपाय वरकरणी बिनतोड वाटतो. पण पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात तो करून पाहण्यात आला आणि त्याचे परिणाम विद्या अत्रेय या वन्यजीव अभ्यासकांनी बारकाईने तपासले. उसाच्या शेतांतून पकडलेले बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडले होते. जेथे ते सोडले, तेथे आसपासच्या गावांत माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे त्यांना आढळून आले. विचार केला म्हणजे याचे कारण कळते. प्रत्येक बिबट्याचा आपला असा मुलूख असतो. तेथील पाणवठे, लपणी, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ असतात. त्याला अनोळखी रानात टाकले, की तो भेदरतो, तेथील मालक बिबटे त्याला हुसकावतात, आणि अशा सैरभैर जनावराची माणसाशी गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या लवकरच बळकावतो. म्हणजे एक संकट दोन ठिकाणी झाले!

सोडलेला बिबट्या कोठे जातो, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर) टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाला संदेश देणारा पट्टा बांधून, माळशेज घाटाच्या रानात सोडण्यात आले. त्याच्या वयावरून अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. हे आजोबा तेथे राहिलेच नाहीत. रात्री चालावे, दिवसा लपावे, अशा क्रमाने शेते, महामार्ग आणि कसाऱ्याचा लोहमार्ग ओलांडीत, महिन्याभराच्या आत शंभराहून अधिक किलोमीटर मजल मारून ते मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येऊन दाखल झाले. गावांच्या कडेकडेने झालेल्या या एवढ्या प्रवासात त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ साली मात्र एका महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी अभ्यासक व नागरिक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम आरंभिला. पिंजरे वाढवण्यापेक्षा माणसांना बिबट्याची रीत समजावून द्यावी, हे त्याचे सूत्र होते. पुढील काही वर्षांत हल्ले पुष्कळ घटले.

ही रीत न कळल्याने काय होते, ते खुद्द मरोळने पाहिले आहे. एप्रिल २०१९ मध्ये एक बिबट्या तेथील एका गृहसंकुलात शिरला. वनखात्याची माणसे आली, गुंगीच्या औषधाची सुई मारून त्याला बेशुद्ध करण्यात आले व उद्यानात नेण्यात आले. अशा प्रसंगी वनरक्षकांना बिबट्यापेक्षा बघ्यांचीच धास्ती अधिक वाटते. बंदुकीतून मारलेली सुई लागताच जनावर झोपत नाही. औषध अंगी भिनण्यास काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत भेदरलेला बिबट्या जेथे फट दिसेल तेथे झेपावतो. फटीच्या तोंडाशीच माणसांची गर्दी, आरडाओरडा आणि चित्रे टिपणारे फोन असतील, तर त्याने जावे कोठे? पळण्याची वाट मोकळी असलेला बिबट्या बहुधा पळतो. कोंडलेला बिबट्या लढतो.

रस्त्याने वन्य प्राण्यांच्या घरातून जावे, हे केवळ मरोळच्याच वाट्याला आलेले नाही. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात मोठ्या, गोल वळलेल्या शिंगांची रानमेंढरे असतात. हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. ते चाटण्यासाठी ही मेंढरे कळपाने रस्त्यावर उतरतात आणि मोटारींची रांग लागते. मेंढरू ते, त्याचे काय भय, असे समजून प्रवासी खाली उतरतात, खाऊ देऊ लागतात. पण नराच्या शिंगांची धडक हाड मोडण्याइतकी जबर असते. आणि खाऊची चटक लागलेला कळप रस्ता सोडीत नाही व वाहनांखाली मरतो. म्हणून तेथील उद्यानांत बजावलेले असते, की गाडीतच बसावे आणि काही खाऊ घालू नये. मेंढरू दिवसाढवळ्या येते, बिबट्या अंधारातून येतो. गाडीतल्या माणसाने पाळावयाचा नियम दोहोंपुढे तोच.

आरेच्या रस्त्यावर बिबट्या दिसला, तर मोटार हळू करावी, दिव्यांचा झोत खाली घ्यावा, भोंगा वाजवू नये आणि त्याला ओलांडून जाऊ द्यावे. एवढ्याला अर्धे मिनिटही लागत नाही. पायी चालणाऱ्याने मात्र अधिक जपावे. बिबट्या उभ्या, पूर्ण उंचीच्या माणसाला सहसा भक्ष्य मानीत नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस आणि लहान मूल त्याला अंधारात एखाद्या लहान जनावरासारखे भासते. म्हणून तिन्हीसांजेनंतर उघड्यावर बसू नये, मुलांनी मोठ्यांच्या बरोबर चालावे व हाती विजेरी असावी. तो समोर आलाच, तर पाठ फिरवून धावू नये. धावणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे. ताठ उभे राहावे, हात उंच करावेत, मोठ्याने बोलावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. तो वस्तीत अडकलेला दिसला, तर गर्दी न जमवता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सप्टेंबर २०२१ मध्ये आरे वसाहतीत एक वृद्ध बाई रात्रीच्या वेळी बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसल्या होत्या. चालताना आधाराला लागते म्हणून काठी हाती होती. मागून बिबट्याने झेप घेतली आणि त्या खाली पडल्या. परंतु पडल्या पडल्याच त्यांनी काठी उगारून त्याच्यावर हाणली. बसलेल्या आकृतीला हे जनावर काही वेगळे समजले होते. ती माणूस आहे आणि प्रतिकार करते आहे, असे कळताच ते मागे सरले. बाई जखमी झाल्या, पण बचावल्या.

असे प्रसंग बोभाटा होऊन सर्वांना कळतात. जे घडत नाही, ते कोणाला कळत नाही. ते कॅमेऱ्यांतून दिसते. दिवेलागणीला ज्या पायवाटेने पाड्यातील माणसे कामावरून परततात, मुले गप्पा मारीत जातात, दुधाच्या किटल्या घेतलेली सायकल जाते, तिच्यावर काही वेळ कोणीच नसते. मग चित्रात बिबट्या येतो. कित्येकदा मागे पिल्लू असते. माणसांची चाहूल संपेपर्यंत तो जवळच झाडीत थांबलेला असतो. पहाटे दूधवाला पुन्हा त्याच वाटेने बाहेर पडतो, तेव्हा मऊ धुळीत उमटलेली चार बोटांची, नखे न दिसणारी पावले त्याच्या सायकलीच्या चाकाखाली पुसून जातात.